चौथा अनामिक आणि एम-थ्रीच्या नोट्स

आमच्या वेळी हॉस्टेलच्या एका विंगमध्ये धड चालणारा कॉम्प्युटर एकच असायचा. आमच्या विंगचा १७ नंबरच्या रूमवर होता आणि त्याचे स्पीकर त्या कॉम्प्युटरपेक्षा महाग होते. गोष्ट २००४ सालची. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळे जर्नल उतरवत बसलेले असताना दोनच्या सुमाराला तिथून एक गाणं लागायचं. आधी ढोलाचा दणका, मग शंभर माणसं एकदम अंगावर धावून आल्यासारखी लॅटिनमध्ये ओरडतायत. ‘ओ फॉर्चुना’. तुम्हीही ऐकलेलं असणार, जाहिरातीत, सिनेमाच्या ट्रेलरमध्ये, नाहीतर गॅदरिंगला फॅशन शोच्या एन्ट्रीला. त्या फाइलवर कोणीतरी ‘मध्ययुगीन साधूंचं गाणं’ अशा अर्थाचं नाव टाकलेलं होतं. आम्ही ते खरं मानलं. मी तर दोन वर्षं लोकांना छातीठोकपणे सांगत होतो की हे आठशे वर्षांपूर्वीचं संगीत आहे.

ते तसं नाही. शब्द जुने आहेत, चाल नाही. दक्षिण जर्मनीत बव्हेरियामध्ये बेनेडिक्टबॉयर्न नावाचा मठ आहे. १८०३ साली तो सरकारजमा झाला तेव्हा त्याच्या ग्रंथसंग्रहात एक हस्तलिखित सापडलं. साधारण १२३० च्या आसपास लिहिलेलं, अडीचशेच्या आसपास कविता, बहुतेक लॅटिनमधल्या. दारू, जुगार, प्रेम, वसंत ऋतू, आणि नशिबाला शिव्या. म्हणजे विषय आपल्या हॉस्टेलचेच. बहुतेक कवितांवर कवीचं नाव नाही. हाच तो ‘कार्मिना बुराना’. त्यातल्या चोवीस कविता निवडून कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराने १९३५-३६ मध्ये त्यांना स्वतःच्या चाली दिल्या आणि १९३७ साली फ्रँकफर्टला त्याचा पहिला प्रयोग झाला. आपण ऐकतो ते हे.

मग मूळ चाली कुठे गेल्या? हस्तलिखितात काही कवितांच्या डोक्यावर बारीक शेपट्या, ठिपके, आकड्यांसारखी चिन्हं आहेत. त्यांना न्यूम म्हणतात. सूर वर जातो की खाली एवढं ती सांगतात, किती वर आणि किती खाली हे सांगत नाहीत. ग्राफ आहे पण वाय-अक्षावर स्केलच नाही, अशी अवस्था. ज्याला चाल आधीच पाठ आहे त्याला आठवण करून देण्यापुरतं ते पुरे होतं. आपल्याला पाठ नाही, म्हणून ती मुकी. तेच गाणं दुसऱ्या एखाद्या हस्तलिखितात रेघांवर लिहिलेलं सापडलं तरच चाल कळते. रेघा मारून त्यावर सूर मांडायची पद्धत इटलीतल्या अरेझ्झोच्या ग्विदोने १०२५-३० च्या सुमाराला नीट बसवून दिली, पण ती सगळीकडे पोचायला बराच काळ गेला.

इथून मला या विषयाचा नाद लागला. पुढे एम.टेक.ला असताना तिथल्या लायब्ररीत हेडफोन लावून सीडी ऐकायची सोय होती. तिथे चार बायकांच्या एका अमेरिकन गटाची १९९२ सालची सीडी हाताला लागली. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या रचना, वाद्य एकही नाही, फक्त चार गळे. प्रत्येक गाण्यापुढे रचनाकाराच्या जागी काही नाही. गटाचं नाव ‘अनॉनिमस फोर’. मला वाटलं, चौघी आहेत आणि रचनाकार अनामिक, म्हणून तसं नाव. अर्धंच बरोबर होतं. ‘चौथा अनामिक’ नावाचा एक माणूस खरोखर होऊन गेला, आणि आजचा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. (तो गट १९८६ मध्ये सुरू झाला आणि २०१५ मध्ये थांबला. सीडी मात्र जरूर मिळवून ऐका.)

एकोणिसाव्या शतकात कूसमाकेर नावाच्या एका फ्रेंच अभ्यासकाने मध्ययुगातले संगीतावरचे लॅटिन ग्रंथ गोळा करून छापले. पहिला खंड १८६४ चा. ज्या ग्रंथांवर लेखकाचं नाव नव्हतं त्यांना त्याने सरळ क्रमांक दिले. पहिला अनामिक, दुसरा अनामिक, तिसरा, चौथा. आपण लॅबमध्ये नाव नसलेल्या फाइली वन, टू, थ्री करून सेव्ह करतो तसंच. त्यातला चौथा पुढे प्रसिद्ध झाला.

हा चौथा अनामिक बहुधा इंग्लंडमधून पॅरिसला शिकायला गेलेला विद्यार्थी. लिहिलंय ते १२७० ते १२८० च्या आसपास. त्याचं पुस्तक वाचताना (मी इंग्रजी भाषांतरात वाचलं, लॅटिन मला येत नाही) सारखं वाटतं की आपण कोणाच्या तरी लेक्चर नोट्स वाचतोय. एकच गोष्ट तीनदा, मध्येच एक नियम, मग त्याला अपवाद, मग अमुक ठिकाणचे लोक तमुक करतात अशी माहिती. तो इंग्लिश असावा हे कशावरून? त्याने स्वतः कुठेही सांगितलेलं नाही. पण इंग्लंडमधले गायक तो नावानिशी सांगतो. विंचेस्टरचा एक, राजा हेन्रीच्या दरबारातला एक. शिवाय तो सांगतो की इंग्लंडच्या पश्चिम भागात गांधाराचं अंतर, म्हणजे सा आणि ग एकत्र, सगळ्यात गोड मानतात. त्या काळी पॅरिसच्या पुस्तकी नियमांत पहिला मान सा-सा, सा-प, सा-म यांना होता. अशी बारीक खबर परक्या माणसाला असत नाही. गावचाच माणूस पाहिजे.

आता त्याचं महत्त्व काय ते सांगतो. पॅरिसचं नोत्रदाम चर्च ११६३ पासून बांधायला घेतलं. (२०१९ च्या एप्रिलमध्ये ते जळताना आपण टीव्हीवर पाहिलं, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये ते पुन्हा उघडलं.) भिंती वर चढत होत्या त्याच काळात तिथे एक नवं संगीत तयार झालं. तोपर्यंत चर्चमधलं गाणं प्रामुख्याने एकसुरी होतं, सगळे मिळून एकच चाल म्हणायचे. दोन वेगळे सूर एकदम गाण्याची रीत आधीही होती, पण पॅरिसमध्ये तिचा मोठाच इमला उभा राहिला. जुन्या चालीतला एक एक सूर खालच्या आवाजाने लांबच लांब धरून ठेवायचा आणि त्याच्यावर दोन, तीन आवाज स्वतंत्र खेळवायचे. त्या धरून ठेवलेल्या सुराची ऐकायची सवय आपल्याला तंबोऱ्यामुळे आहे. म्हणून असेल, पण बीथोव्हनपेक्षा हे संगीत मला आधी कळलं.

हे संगीत आज तीन मोठ्या हस्तलिखितांत मिळतं. एक फ्लॉरेन्समध्ये आहे, पॅरिसला लिहिलेलं आणि नंतर मेदिची घराण्याच्या ग्रंथालयात पोचलेलं, त्यात सुमारे हजार रचना आहेत. उरलेली दोन जर्मनीत वोल्फेनब्युटेल या गावी. त्यातलं एक मूळचं स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजचं, म्हणजे पॅरिसची गाणी तिथवर पोचली होती. आणि या तिन्ही हस्तलिखितांत रचनाकाराचं नाव एकाही गाण्यावर नाही. हजार रचनांचं पुस्तक आणि कर्ता कोरा.

चौथा अनामिक आपल्या नोट्समध्ये जाता जाता सांगून जातो की लिओनिन नावाचा एक उत्तम रचनाकार होता, त्याने वर्षभराच्या उपासनेसाठी एक मोठं पुस्तक केलं. पुढे पेरोटिन आला, तो त्याहून तरबेज, त्याने ते पुस्तक आटोपशीर केलं, काही भाग बदलले, आणि चार आवाजांच्या अमुक आणि अमुक रचना केल्या. तो गाण्यांचे पहिले शब्दही देतो. फ्लॉरेन्सच्या हस्तलिखितात बघितलं तर ती गाणी तिथे आहेत. अशी मोजून सातेक गाणी पेरोटिनच्या नावावर लागतात. पाश्चात्त्य संगीताच्या कुठल्याही इतिहासात सुरुवातीला ही दोन नावं ठळक छापलेली असतात, त्यांचा मुख्य आधार म्हणजे एका निनावी विद्यार्थ्याच्या नोट्समधल्या काही ओळी.

आणि तो हे पेरोटिननंतर सत्तरेक वर्षांनी लिहितोय. त्याने पेरोटिनला पाहिलेलं नाही. त्याच्या सरांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या सरांनी. हॉस्टेलमधल्या आख्यायिका किती विश्वासू असतात हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही इतका तपशील देणारा दुसरा साक्षीदार नाही म्हणून त्याचं ऐकायचं. पुन्हा त्याच्या नोट्स तरी कशा टिकल्या बघा. त्यांची एक प्रत लंडनला कॉटन नावाच्या घराण्याच्या संग्रहात होती. १७३१ साली त्या संग्रहाला आग लागली आणि ती प्रत भाजली. दुसरी एक प्रत राजाच्या संग्रहात होती, ती वाचली. नाहीतर पेरोटिनच्या रचना कोणत्या हे कदाचित आपल्याला ठाऊक नसतं. चाली मात्र तशाच राहिल्या असत्या, तेवढ्याच चांगल्या. हा विचार मला बरेच दिवस सोडत नव्हता.

आता थोडं टेक्निकल, कारण वाचणारे तुम्ही आहात. नोत्रदामच्या हस्तलिखितांत रेघा आहेत, त्यामुळे सूर कळतात. पण कोणता सूर किती वेळ धरायचा हे चिन्हाच्या आकारावरून कळत नाही, सगळी चिन्हं जवळपास सारखीच. मग ताल कसा काढायचा? तर चिन्हं एकमेकांना जोडून गट केलेले असतात, आणि माहिती त्या गटांच्या क्रमात असते. शाळेत वृत्तं शिकताना लघु आणि गुरू केलेत ना, तेच इथे. लघु एक मात्रा, गुरू दोन. समजा ओळीत पहिला गट तीन सुरांचा आणि पुढचे सगळे दोन-दोनचे दिसले, ३-२-२-२. हा पहिला प्रकार: गुरू-लघु-गुरू, लघु-गुरू, लघु-गुरू, असं वाचायचं. आधी दोन-दोनचे गट आणि शेवटी तीनचा आला, २-२-२-३, तर उलट: लघु-गुरू, लघु-गुरू, लघु-गुरू-लघु. आधी एकटा सूर आणि मग तीन-तीनचे गट, १-३-३-३, हा तिसरा प्रकार, तिथे सुटा सूर तीन मात्रांचा आणि पुढचे एक, दोन, तीन असे. असे एकूण सहा प्रकार. चिन्ह तेच, पण गट बदलला की किंमत बदलते. एखादा बिट स्ट्रीम समोर आहे आणि फ्रेमिंग कळल्याशिवाय एकही बिट वाचता येत नाही, तसला प्रकार. आणि या फ्रेमिंगचं मॅन्युअल कोणी लिहून ठेवलं? पॅरिसमधल्या काही शिक्षकांनी, आणि त्यांच्यात आपला चौथा अनामिक आहेच.

या कोडला एक भोक होतं. गटातल्या सुरांवर मिळून एकच अक्षर गायचं असतं. गाण्यात अक्षरं भराभर बदलायला लागली की गट तोडावे लागतात आणि प्रत्येक अक्षरावर एक सुटा सूर लिहावा लागतो. गट गेले की ताल गेला. त्यामुळे अशा गाण्यांचा ताल काय होता यावर अभ्यासकांची भांडणं अजून चालू आहेत, आणि एकच गाणं दोन रेकॉर्डवर दोन वेगळ्या तालांत ऐकायला मिळतं. १२८० च्या सुमाराला कोलोनच्या फ्रँकोने नियम करून टाकला की चिन्हाच्या आकारावरूनच काळ ठरेल. आज आपण ज्याला पाश्चात्त्य नोटेशन म्हणतो त्याचा पाया तिथे पडला.

तर मग नावं का नाहीत? मला एकदा एका विद्यार्थ्याने विचारलं, सर, त्यांना क्रेडिट नको होतं का? याचं एक उत्तर नाही. बरंचसं संगीत देवासाठी होतं, गाणाऱ्यांना कर्ता कोण हे विचारायची गरजच नव्हती. कुठे लिहिणारा आणि गाणारे एकाच मठात राहणारे, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोण लिहून ठेवणार? आपण मेसच्या वहीत सुट्टी मांडताना आडनाव लिहितो का? कुठे बाइंडिंग करताना पानाची कड कापली गेली आणि तिथलं नाव गेलं. कुठे पुस्तकाचं पहिलं पानच नाही.

पण सगळ्यात मजेचं कारण वेगळं आहे. कर्ता एक नव्हताच. तेराव्या शतकात मोटेट नावाचा प्रकार आला. कोणीतरी जुन्या चर्चच्या चालीचा एक तुकडा घ्यायचा. दुसऱ्याने त्यावर दुसरा आवाज चढवलेला असायचा. तिसरा त्या आवाजाला शब्द द्यायचा. चौथा अजून एक आवाज आणि अजून वेगळे शब्द घालायचा, खाली लॅटिन धार्मिक चाल आणि वर फ्रेंच प्रेमगीत, दोन्ही एकाच वेळी. पाचवा मधला आवाज काढून टाकायचा. ज्यांनी व्हर्जन कंट्रोल वापरलंय त्यांना हे लगेच कळेल, फक्त इथे कमिट हिस्टरी नाही. फ्रान्समध्ये मोंपेलिए इथे १३०० च्या आसपासचं एक देखणं हस्तलिखित आहे, त्यात तीनशेहून अधिक मोटेट आहेत आणि जवळजवळ सगळे निनावी. त्यांचा कर्ता कोण हा प्रश्नच थोडा चुकतो.

आपल्या अभंगात शेवटच्या कडव्यात नाममुद्रा असते, कर्ता स्वतः येऊन सही करतो. आणि तरी कोणाचा अभंग कोणाच्या नावावर आहे यावर वाद होतातच. मग जिथे सहीच नाही तिथे काय होणार!

इंग्लंडची गोष्ट फार वाईट आहे. तिथल्या तेराव्या-चौदाव्या शतकातल्या बहुस्वरी संगीताचं सबंध असं पुस्तक जवळपास उरलेलंच नाही. जे आहे ते सुटी पानं, अर्धी पानं, पट्ट्या. संगीत जुनं झालं, कोणी गाईना, की पुस्तक फोडायचे. पान कातड्याचं, मजबूत आणि महाग, म्हणून दुसऱ्या पुस्तकाच्या बाइंडिंगला अस्तर म्हणून लावायचे. पुढे १५३६ ते १५४० मध्ये मठच बंद झाले, आणि १५४९ पासून उपासना इंग्रजीत झाल्यावर लॅटिन पुस्तकं रद्दीच्या भावाने गेली. वूस्टर कॅथीड्रलच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांतून अशी पानं निघाली, ती जुळवून जुळवून गाणी उभी केली. म्हणजे गाणं वाचलं ते रद्दीत गेलं म्हणून. एखादा आवाज एका पुठ्ठ्यात, दुसरा गायब. मी सीडीवर ऐकलेलं संगीत याच जातीचं.

अपवाद म्हणून एक पान सांगतो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, रेडिंगच्या मठाशी संबंध असलेल्या एका वहीत, साधारण १२६० च्या सुमाराचं एक गाणं आहे. इंग्लिश उन्हाळ्याचं, कोकीळ, मेंढी, वासरू, सगळी जनावरं खुशीत. चार जणांनी तीच चाल एकामागून एक सुरू करायची आणि खाली दोघांनी एक छोटा तुकडा फिरवत ठेवायचा, म्हणजे सहा आवाज. पुढच्याने कधी सुरू करायचं ते दाखवायला चालीत एक लाल फुली मारलेली आहे, आणि शेजारी लॅटिनमध्ये सूचना: चौघांनी गावं, तिघांपेक्षा कमी नकोत, फार तर दोघं चालतील. शुद्ध युजर मॅन्युअल. सहा आवाजांचं याहून जुनं गाणं माहीत नाही. कर्ता अनामिक.

स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ मोन्सेर्रात नावाचा डोंगर आहे, वर मठ, काळ्या मेरीची मूर्ती, आणि यात्रेकरूंची गर्दी. यात्रेकरू रात्री देवळात जागायचे आणि त्यांना गायला-नाचायला हवं असायचं. मठातल्या लोकांना वाटलं, गा, पण काहीतरी सभ्य गा. म्हणून १३९९ च्या एका हस्तलिखितात त्यांनी दहा गाणी लिहून ठेवली, काही गोल फेर धरून नाचायची. दहाही निनावी. बहुधा काहींच्या चाली लोकांच्या तोंडी असलेल्याच असाव्यात, हा माझा अंदाज. १८११ साली नेपोलियनच्या सैन्याशी झालेल्या लढाईत मठाचं ग्रंथालय जळालं. हे हस्तलिखित वाचलं, कारण एका सरदाराने ते आधीच वाचायला नेलं होतं आणि परत केलं नव्हतं! मठाला ते १८८५ मध्ये परत मिळालं. पुढे त्याला लाल मखमलीची बांधणी झाली म्हणून त्याला ‘लाल पुस्तक’ म्हणतात. मूळच्या १७२ पानांपैकी १३७ उरली आहेत. आपल्या ग्रंथपाल मॅडमनी हा परिच्छेद वाचू नये ही विनंती, कारण लायब्ररीचं पुस्तक परत न करण्याला इतकं भक्कम समर्थन मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चच्या दप्तरात सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची एक जमीनजुमल्याची वही होती. १९८० च्या दशकात लक्षात आलं की तिची पानं आधी वापरलेली आहेत, संगीत खरवडून काढून वर हिशोब लिहिलाय. खाली सुमारे दोनशे गाणी. चर्मपत्रावर अतिनील प्रकाश टाकला की कातडं चमकतं आणि जिथे शाई मुरलेली होती ती जागा काळी राहते. वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात फोटो घेऊन, कॉम्प्युटरवर वजाबाक्या करून वरचा हिशोब पुसट केला आणि खालचं संगीत वर आणलं. २०१६ मध्ये ते छापून आलं. इमेज प्रोसेसिंगचा प्रोजेक्ट करणाऱ्यांनो, दर वर्षी गाडीच्या नंबर प्लेटच वाचायला हव्यात असं काही नाही. ऑक्सफर्डला १९९८ पासून अशा सगळ्या हस्तलिखितांचे फोटो जमवायचं काम चालू आहे.

आता नाव असण्याने काय होतं ते बघू. १५२८ साली इटलीत कास्तिल्योने नावाच्या दरबारी माणसाने एक पुस्तक छापलं, त्यात तो सांगतो की एका सरदारणीपुढे एक रचना गायली गेली, कोणालाच आवडली नाही. मग कळलं की ती जोस्कां दे प्रेची आहे, आणि लगेच सगळ्यांना आवडली. जोस्कां म्हणजे त्या काळचा सगळ्यात मोठा माणूस, १५२१ मध्ये वारला. त्याच्या मरणानंतर छापखानेवाले त्याच्या नावावर इतकं काही खपवत होते की १५४० मध्ये जर्मनीत चेष्टा झाली, हा मेल्यावर जिवंतपणीपेक्षा जास्त रचना करतोय.

याउलट एक प्रकरण आहे. ‘कापुत’ नावाची एक मिस्सा, १४४० च्या दशकातली. चार आवाज, आणि सगळ्यांच्या खाली एक स्वतंत्र भरभक्कम आवाज, ज्यावर बाकीचे उभे राहतात. ही मांडणी तेव्हा नवी होती, आणि पुढे सगळ्या युरोपने ती घेतली. ओकेगेम आणि ओब्रेख्ट या दोन मोठ्या लोकांनी तीच मूळ चाल घेऊन आपापल्या मिस्सा रचल्या. उत्तर इटलीत ट्रेंट इथे पंधराव्या शतकातली सात जाडजूड हस्तलिखितं आहेत, त्यात या मिस्सेवर द्यूफायचं नाव होतं. द्यूफाय म्हणजे जोस्कांच्या आधीच्या पिढीतला तसाच मोठा माणूस. ‘द्यूफायची उत्कृष्ट कृती’ म्हणून तिच्यावर लिहिलं गेलं. १९५० मध्ये बुकॉफ्झर नावाच्या अभ्यासकाने दाखवलं की तिची मूळ चाल इंग्लंडच्या सॉल्सबरी पद्धतीच्या उपासनेतली आहे. पुढच्या काळात याच मिस्सेची इंग्लिश पानं सापडली आणि द्यूफायचं नाव काढून टाकावं लागलं. आज तिच्यावर लिहितात: अनामिक, इंग्लिश. स्वर एकही बदललेला नाही.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचं कारण संगीत नव्हतं.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये एम-थ्रीच्या नोट्सची एक पीडीएफ आहे. हाताने लिहिलेली, १४६ पानं, तिरकी स्कॅन केलेली. तिच्या मुखपृष्ठावर माझं नाव आहे. गेल्या सेमिस्टरला एक मुलगा ती घेऊन आला आणि म्हणाला, “सर, यामुळे मी सुटलो.” मी हसलो. काही बोललो नाही. तो मेसच्या रांगेत उभा राहून दुसऱ्यांना सांगत होता तेही मी ऐकलं.

त्या नोट्स माझ्या नाहीत. २००४ साली मला त्या एका सीनियरकडून मिळाल्या, त्याला त्याच्या सीनियरकडून. पहिली चार पानं तेव्हाच गेलेली होती. २००५ मध्ये मी सेट करायला दिले तेव्हा झेरॉक्सवाल्याने विचारलं, “वर नाव काय टाकू? गठ्ठे मिसळतात.” मी माझं सांगितलं. खरंच तेवढंच कारण होतं, त्या दिवशी. पण नंतर ज्युनियर त्यांना माझ्या नावाने ओळखायला लागले आणि मी कधी दुरुस्ती केली नाही. शिकवण्याच्या नोकरीसाठी मुलाखत दिली तेव्हा समोरच्यांपैकी एकाने विचारलं, “त्या नोट्सवाले तुम्हीच का?” मी हो म्हणालो.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी ती जुनी प्रत काढून, इतकी वर्षं ज्या रीतीने इतरांची हस्तलिखितं वाचतोय त्या रीतीने वाचली. अक्षरं दोन आहेत. पान १ ते ९० एकाचं, बारीक, उजवीकडे झुकलेलं. पुढचं दुसऱ्याचं, आणि हिरव्या पेनने केलेल्या दुरुस्त्या या दुसऱ्याच्याच, पहिल्याच्या पानांवरसुद्धा. म्हणजे लिओनिन आणि पेरोटिन. त्यात बेसेल फंक्शनवर एक प्रकरण आहे, जे माझ्या वेळच्या सिलॅबसमध्ये नव्हतं, म्हणजे काळ त्याआधीचा. पान ३१ वर समासात बारीक अक्षरात लिहिलंय की ही स्टेप गाळू नको, लई मार्क जातात. त्या ‘लई’वरून मी म्हणतो की पहिला माणूस कोल्हापूर-सांगलीकडचा नाहीतर मराठवाड्यातला. ११२ वर कडेला चहाचा गोल डाग आणि ‘शिल्लक ७ रु.’ असा हिशोब. नाव कुठेही नाही. झेरॉक्समध्ये कडा कापल्या गेल्यात.

माझी भर म्हणाल तर लाप्लासची शेवटची चार उदाहरणं, पान १४३ पासून.

मुखपृष्ठ मी बदललंय. नवीन पीडीएफ डिपार्टमेंटच्या लायब्ररीत ठेवली आहे, तीवर कर्त्याच्या जागी ‘अनामिक, दोन जण, २००० च्या आसपास किंवा आधी’ असं लिहिलंय. जुनी झेरॉक्स प्रत हॉस्टेलच्या रेक्टर ऑफिसमध्ये आहे, मागितली तर दाखवतील. माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनाला येतील तेव्हा त्यांना पान ३१ आणि पान ९१ जरूर दाखवा, कोणी अक्षर ओळखलं तर मला लगेच कळवा. आणि लाप्लासचं तिसरं उदाहरण सोडवू नका. त्यात चिन्ह चुकलंय, ते माझं आहे.